पंधरा वर्षांची डिझेल सेडान रोज चालवायची असेल तर

आमच्या सोसायटीत दोनेक महिन्यांनी कुणीतरी मला पार्किंगमध्ये गाठतं. "एक डिझेल सेडान मिळतेय, २०१२ ची, सव्वादोन लाखांत. घेऊ का?" विचारणाऱ्याने मनातून ती कधीच घेतलेली असते, माझ्या तोंडून फक्त 'घ्या' ऐकायचं असतं. मी उलट विचारतो, "रोज किती किलोमीटर जाता? आणि वाटेत किती वेळा थांबता?" बहुतेक जण इथेच नाराज होतात.

माझी सेडान नोव्हेंबर २०१० ची, १.६ लिटर डिझेल. २०१८ मध्ये सेकंडहँड घेतली तेव्हा ८२,००० किलोमीटर झाले होते, आज सव्वादोन लाखांच्या जवळ आहे. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुण्यात नाव सांगितलं की चर्चा गाडीची राहत नाही, मालकाच्या अकलेची होते. गेल्या नोव्हेंबरात तिचं पंधरा वर्षांचं पासिंग संपलं, ते नवं करून घेतलं. या आठ वर्षांत जिथे जिथे ठेच लागली, ते क्रमाने लिहितो.

१. गाडी बघायच्या आधी रोजची फेरी मोजा

२०१८ ते २०२२ मी वारज्याहून रांजणगाव एमआयडीसीत जात होतो. एका बाजूला साठेक किलोमीटर. वाघोलीची कोंडी सोडली तर गाडी तासभर एका लयीत चालायची, इंजिन पूर्ण तापायचं. त्या काळात तिने ऑइल, फिल्टर, टायर आणि एक क्लच यापलीकडे काही मागितलं नाही. २०२२ मध्ये नोकरी बदलली, ऑफिस शिवाजीनगरला आलं. जेमतेम नऊ किलोमीटर, त्यात सिग्नलच सिग्नल. म्हटलं, चला, गाडीला आता आराम. सात महिन्यांत इंजिनचा दिवा लागला, पिकअप गेला, आणि नळस्टॉपच्या सिग्नलला गाडी सुटली की मागचा स्कूटरवाला रुमाल शोधायला लागला.

गॅरेजवाल्या काकांनी ईजीआर व्हॉल्व्ह उघडून हातात दिला. आत डांबरासारखा काजळीचा थर. मी विचारलं, "काका, असं काय झालं हिला?" ते म्हणाले, "साहेब, गाडीला काही झालेलं नाही. तुमची नोकरी बदलली, तेवढंच झालंय."

त्यामागचं कारण साधं आहे. डिझेल इंजिनाला तापायला पेट्रोलपेक्षा जास्त वेळ लागतो. धुरातले घातक वायू कमी व्हावेत म्हणून ईजीआर जळलेल्या हवेतला काही भाग परत इंजिनात पाठवतो. इंजिन तापलेलं असेल आणि वेग असेल तर हे ठीक चालतं. थंड इंजिनाने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत राहिलात तर काजळी आणि ऑइलची वाफ एकत्र येऊन चिकट लेप बसतो. बीएस-६ (प्रदूषणाच्या सध्याच्या निकषाची) गाडी असेल तर तिच्यात शिवाय डीपीएफ असतो, म्हणजे काजळी धरून ठेवणारी जाळी. ती जाळी साफ होण्यासाठी गाडी थोडा वेळ सलग वेगात चालावी लागते. कर्वे रस्त्यावर ते कसं जमणार?

पैशाचा हिशेबही याच फेरीवर ठरतो. डिझेल ९० रुपये आणि १८ चं अॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला ५ रुपये. पेट्रोल १०४ आणि १३ चं अॅव्हरेज धरलं तर ८ रुपये. फरक ३ रुपयांचा. महिन्याला १,५०० किलोमीटर चाललात तर वर्षाला ५४,००० वाचतात आणि त्यातून जुन्या गाडीची सगळी दुखणी निघतात. महिन्याला ४०० चाललात तर वर्षाला १४,४०० वाचतात. एक इंजेक्टर (इंजिनात डिझेलचा फवारा मारणारा भाग) बिघडला की ते गेले.

माझा नियम असा: रोज एका बाजूला पंधरा किलोमीटरच्या आत आणि सगळं शहरातच असेल, तर जुनी डिझेल घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. हिंजवडी ते कात्रज बायपासने जाणारे, चाकण-तळेगाव करणारे, दर शनिवारी सातारा-कोल्हापूरला गावी जाणारे, यांनी पुढे वाचावं.

२. कोणती बघायची

पुण्यात बीएस-४ आलं १ एप्रिल २०१० ला आणि बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक जुन्या डिझेल सेडान या दोन तारखांच्या मधल्या आहेत. २०२० मध्ये मारुतीने डिझेल सोडूनच दिलं, त्यामुळे डिझायर आणि सियाझच्या डिझेल गाड्या सगळ्या त्याआधीच्या.

त्यांतलं १,२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं. तेच लिनिया आणि टाटा मांझातही होतं. या इंजिनाचे सुटे भाग नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारात भाजीसारखे मिळतात. लिनिया चालवायला सुरेख, पण फियाटने इथलं दुकान आवरल्यावर बंपर, दिवे, दाराचे भाग शोधताना घाम निघतो. फोक्सवॅगनची व्हेंटो आणि स्कोडाची रॅपिड आपल्या चाकणच्या कारखान्यातल्या. रस्त्यावर दणकट, पण भाग महाग. डिझेल इटिऑस दिसायला साधी आणि वागायलाही साधी. रोजच्या वापराला मला तीच सर्वांत निर्धोक वाटते, पण लग्नाला घेऊन गेलं की लोक ड्रायव्हरला जेवण कुठे द्यायचं ते विचारतात.

एक प्रश्न प्रत्येक गाडीबद्दल विचारा: टायमिंग चेन की टायमिंग बेल्ट? म्हणजे इंजिनाचे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवायला साखळी आहे की रबरी पट्टा? मारुतीचं १,२४८ सीसी इंजिन आणि डिझेल इटिऑस यांना चेन आहे. व्हेंटो-रॅपिडच्या डिझेलना आणि लोगान-व्हेरिटोच्या १.५ डिझेलला बेल्ट. बेल्ट ठरावीक किलोमीटरला किंवा वर्षांना बदलायचाच असतो, कारण तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन संपतं. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करा.

दोन सापळे. पहिला टॅक्सीचा. डिझायर, इटिऑस, इंडिगो यांतल्या कितीतरी गाड्या पिवळ्या पाटीवर लाखो किलोमीटर धावून मग खासगी नोंदणीत आल्या आहेत. नंबरप्लेटच्या खाली जुन्या पिवळ्या रंगाच्या खुणा, मागच्या दारांच्या झिजलेल्या कड्या आणि डॅशबोर्डवर मीटर बसवल्याची भोकं शोधा. दुसरा दिल्लीचा. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली (२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बीएस-४ आणि नंतरच्या गाड्यांवरची कारवाई थांबवली), म्हणून तिथल्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. महाराष्ट्रात तशी वयाची बंदी नाही, हे खरं. पण तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, इथला कर, नवा एमएच नंबर, एवढं सगळं होईपर्यंत स्वस्ताई उरत नाही. 'एनओसी येतेय, तोवर वापरा' असं म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

३. बघायला सकाळी सातला जा

आणि फोनवर बजावून ठेवा, "गाडी चालू करून ठेवू नका." पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर चहा पिऊन परत या, किंवा परत येऊच नका. डिझेल इंजिन थंड असतानाच खरं बोलतं.

किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवली की पिळदार स्प्रिंगसारखा दिवा लागतो. तो ग्लो प्लगचा, गॅरेजात त्याला नुसतं 'हीटर' म्हणतात. तो विझला की स्टार्टर मारा. निरोगी गाडी एक-दोन फेऱ्यांत धरते. मे महिन्यात सगळ्याच धरतात, म्हणून जमलं तर गाडी डिसेंबर-जानेवारीत बघा. पारा दहाच्या आसपास असताना ती कशी उठते ते कळतं.

मग मागे जाऊन धूर बघा. सुरुवातीला हलका पांढरा येऊन गेला तर चालतं. पांढरा थांबतच नसेल तर डिझेल नीट जळत नाही, किंवा कूलंट आत जातंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय: टर्बोचं (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचं) सील किंवा पिस्टनच्या रिंगा. काळा म्हणजे हवा कमी आणि डिझेल जास्त. एअर फिल्टर, ईजीआर, इंटरकूलरचा फाटलेला पाइप, काहीही असू शकतं. तिन्हींत काळा सगळ्यात स्वस्त, निळा सगळ्यात महाग.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून तसंच वर ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडायला लागलं आणि भोकातून भसाभसा वाफ आली, तर त्याला गॅरेजात 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. म्हणजे इंजिन कामाला आलं. व्यवहार तिथेच थांबवा. डिपस्टिकवरचं ऑइल काळं दिसेल, त्याला घाबरू नका, डिझेलचं ऑइल बदलल्यावर आठवड्याभरात काळं होतंच. ते कॉफीसारखं दुधाळ असेल तर मात्र घाबरा.

चालवायला न्याल तेव्हा सपाट रस्त्यावर समाधान मानू नका. मी नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याच्या चढाला गाडी घातली होती. तिसरा गिअर, दीड हजार आरपीएम, आणि पाय पूर्ण दाबला. दोन हजाराच्या आसपास टर्बो लागतो, पाठीला धक्का जाणवतो. धक्का नाही, नुसता आवाज वाढतोय, तर टर्बो किंवा पाइप तपासा. आरपीएम चढतोय आणि वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय. बंद करताना गिअरबॉक्सकडून खडखड आली तर फ्लायव्हील, म्हणजे इंजिन आणि क्लचमधलं जड चाक. ज्या गाड्यांत दुहेरी फ्लायव्हील असतं तिथे क्लचसोबत तेही बदलावं लागतं. मला दोन्हींचे मिळून ३८,००० पडले.

मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. डिझेल गाडी कुणी घरी शोभेला ठेवत नाही. २०१२ ची गाडी ५५,००० दाखवत असेल तर ब्रेक पेडलचं रबर, स्टेअरिंगची झिलई आणि ड्रायव्हर सीटची डावी-उजवी कड बघा. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकला स्कॅनर घेऊन सोबत न्या. त्याला हजार-दीड हजार द्यायला कुरकुर करू नका. आणि आदल्याच दिवशी पुसून टाकलेले एरर कोड स्कॅनरला दिसत नाहीत, म्हणून स्कॅन अर्धा तास गाडी फिरवून झाल्यावर करा.

पुराचं पाणी हाही एक मुद्दा. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या. अशा गाड्या धुऊनपुसून बाजारात येतात. सीटखालचे नट गंजलेत का, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर तळाशी मातीची रेघ आहे का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, हे बघा.

४. कागद

पैसे देण्याआधी हे सगळं एका फोल्डरमध्ये असायला हवं:

- मूळ आरसी. इंधन, चेसिस आणि इंजिन क्रमांक स्वतः ताडून बघा. नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ते नक्की वाचा.
- विकणाऱ्याच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३०
- कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र. कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही.
- चालू विमा आणि पीयूसी
- दोघांचे ओळखीचे व पत्त्याचे पुरावे
- वाहतूक पोलिसांच्या ई-चलानचा तपशील, शिल्लक शून्य
- सर्व्हिसची बिलं आणि दुसरी किल्ली. दुसरी किल्ली नसेल तर नवीन करायला येणारा खर्च ऐकून घ्या, मग भाव करा.

२०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीवर एचएसआरपी (सरकारमान्य, सहज बनावट करता न येणारी) नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही बघा. चारचाकीसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी. अधिकृत पोर्टलवरूनच बुकिंग करा, चौकातल्या रेडिअमवाल्याकडची प्लेट दिसायला तशीच असली तरी ती एचएसआरपी नसते.

ट्रान्सफर तीस दिवसांत तुमच्या नावावर टाका. परिवहन पोर्टलवर ओटीपी विकणाऱ्याच्या मोबाइलवर जातो, म्हणून अर्ज तो समोर बसलेला असतानाच भरा. माझा विक्रेता पैसे घेऊन दुसऱ्या आठवड्यात मुलाकडे परदेशात गेला. एका ओटीपीसाठी मी रात्री अकरा वाजता जागा राहायचो.

५. पहिल्या महिन्यात

आधीच्या मालकाने "आत्ताच सर्व्हिसिंग केलंय" म्हटलं तरी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. बेल्टवाली गाडी असेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र. बॅटरीचा लोड तपासा, डिझेलला सुरू व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त ताकद लागते. इंजिन माउंटिंग बघा. उभ्या गाडीत स्टेअरिंग आणि आरसे थरथरतात ते बहुधा त्यामुळेच. लोक त्याला 'डिझेल आहे, असणारच' म्हणून वर्षानुवर्षं सहन करतात.

खरेदीच्या किमतीच्या वीस टक्के या महिन्यासाठी बाजूला ठेवा. नसतील तर तेवढी स्वस्त गाडी बघा.

६. गॅरेज

शोरूमचं सर्व्हिस सेंटर पंधरा वर्षांच्या गाडीला 'हे बदला, तेही बदला' एवढंच सांगतं. फाट्यावरचा गॅरेजवाला 'काही नाही हो, चालतंय' म्हणतो. तुम्हाला मधला माणूस हवा: स्कॅनर वाचता येणारा आणि तरीही भाग दुरुस्त करायची तयारी असलेला.

डिझेलची दोन कामं मात्र साध्या गॅरेजची नाहीत: इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप. त्यासाठी पंप-नोझलचं काम करणारी खास दुकानं आहेत. पुण्यात आणि भोसरीकडे ती बरीच आहेत, कारण ट्रक-टेम्पोचं कामही तिथेच चालतं. चारही इंजेक्टर बदलायला सांगितले तर आधी 'लीक-ऑफ' टेस्ट मागा. चार बाटल्यांमध्ये प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल मोजतात. जो जास्त सोडतो तो दोषी. माझ्याकडे एका ठिकाणी चारांचे ७२,००० सांगितले होते. टेस्टमध्ये एकच निघाला, तोही दुरुस्त होऊन आला.

'ईजीआर बंद करून टाकतो, कायमची कटकट जाईल' ही ऑफर तुम्हाला मिळेलच. तसं करणं बेकायदा आहे, आणि काही इंजिनांत तर तापमान वाढून दुसरंच दुखणं सुरू होतं. दीड-दोन वर्षांनी ईजीआर काढून साफ करून घ्या. माझा खर्च दर वेळी अडीच ते तीन हजार होतो.

सुटे भाग नाना पेठेतून स्वतः आणणार असाल तर जुना भाग हातात घेऊन जा. फोटोवर विसंबलात तर दोन फेऱ्या होतात. लोअर आर्म, लिंक रॉड, बुश यांच्यात नामांकित कंपनीचाच माल घ्या. आपल्या स्पीडब्रेकरांवर स्वस्त बुश सहा महिनेही टिकत नाहीत.

७. चालवण्याच्या सवयी

सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि मग हळू निघा. दहा मिनिटं उभ्या उभ्या तापवू नका, त्याने काजळीच वाढते. घाट चढून किंवा एक्स्प्रेस-वेवरून आलात तर बंद करण्याआधी एक मिनिट तशीच चालू राहू द्या. टर्बो तापलेला असतो, ऑइलचा पुरवठा एकदम तुटला की त्याचं बेअरिंग जळतं. खालापूरच्या फूड मॉलला वडापावच्या घाईत हे विसरायला होतं.

आठवड्यातून एकदा तिला पळवा. ईजीआरच्या त्या काजळीच्या प्रकारानंतर मी रविवारी सकाळी साडेसहाला वारज्यातून बायपासने खेड शिवापूरकडे जातो, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अडीच हजाराच्या आसपास आरपीएम ठेवून. टोलनाक्याच्या अलीकडूनच वळायचं, हे वेगळं सांगायला नको. हे सुरू केल्यापासून इंजिनचा दिवा परत लागलेला नाही.

पाचव्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने रेटू नका, गाडी कुरकुरते ते उगाच नाही. टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका. डिझेल पंपाला वंगण डिझेलचंच असतं. टाकी कोरडी पडली तर पंपात हवा शिरते, तळाचा गाळ ओढला जातो.

पंपावर भरताना खाली उतरून "डिझेल" असं स्पष्ट सांगा आणि नोझल बघा. एकदा माझ्या गाडीत सहा लिटर पेट्रोल पडलं होतं. मी फोनवर होतो, चूक निम्मी माझीच. तसं झालं तर किल्ली पहिल्या टप्प्यावरसुद्धा फिरवू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करा. पेट्रोलने पंपाचं वंगण जातं, घासलेले धातूचे कण इंजेक्टरपर्यंत पोहोचतात आणि मग बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतं.

आणखी एक गोष्ट, क्वचित घडते पण माहीत असू द्या. टर्बोचं सील अचानक फुटलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत आपोआप सुसाट फिरायला लागतं, किल्ली काढली तरी थांबत नाही. मागे निळा-पांढरा ढग. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ते जमलं नाही तर गाडीतून उतरून लांब व्हा.

८. पावसाळा आणि उंदीर

खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल विसरा. पाणी बंपरच्या वर असेल तर परत फिरा. डिझेल इंजिनात पाणी ओढलं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतात. पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. विमा कंपन्या नेमक्या याच कारणावरून इंजिनाचा दावा नाकारतात.

जूनच्या आधी डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी सोडून घ्या, पाच मिनिटांचं काम. उंदरांवर उपाय मी सगळे केले: डांबरगोळ्या, तंबाखूची पानं, बाजारातला स्प्रे. रोज चालणारी गाडी हाच सगळ्यात चांगला उपाय निघाला. सलग चार दिवस उभी राहिली की बॉनेट उघडून बघतो.

९. पीयूसी आणि विमा

बीएस-४ गाडीची पीयूसी वर्षाची, त्याआधीच्यांची सहा महिन्यांची. डिझेलच्या चाचणीत सायलेन्सरमध्ये नळी घालून इंजिन जोरात फिरवतात आणि धुराची घनता मोजतात. बीएस-४ ला मर्यादा ५० एचएसयू (धुराच्या घनतेचं माप), त्याआधीच्यांना ६५. थंड इंजिन घेऊन गेलात तर चांगली गाडीही नापास होईल. आधी वीस मिनिटं बायपासवर चालवा, मग थेट केंद्रावर. ऑइलची पातळी बघून जा, आणि टायमिंग बेल्टचा भरवसा नसेल तर तो बदलेपर्यंत जाऊ नका, कारण तिथे इंजिन शेवटच्या आरपीएमपर्यंत रेटतात. नळी न घालता कागद देणाऱ्याकडून घेऊ नका. पीयूसी नसेल तर दंड १०,००० पर्यंत आहे.

विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो: १,००० ते १,५०० सीसी ३,४१६ रुपये, १,५०० च्या वर ७,८९७ रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे १,२४८ आणि १,५८२ सीसीच्या गाड्यांत दरवर्षी साडेचार हजारांचा फरक फक्त इथेच पडतो. गाडी घेताना हे कुणी सांगत नाही. स्वतःच्या नुकसानीचा विमा मी दहा वर्षांनंतरही ठेवला आहे, चोरी आणि पुरासाठी. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारा विमा) या वयाला सहसा मिळत नाही. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.

१०. पंधरा वर्षं झाल्यावर: नव्याने पासिंग

'पंधरा वर्षांनी गाडी भंगारात द्यावी लागते' हे मला निदान वीस जणांनी छातीठोकपणे सांगितलं. महाराष्ट्रात खासगी गाडीला तसं बंधन नाही. तपासणीत पास झाली तर नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढते.

मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून परिवहन पोर्टलवर अर्ज करता येतो. अर्ज फॉर्म २५ चा. सोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा. चलान शिल्लक असतील तर अर्ज अडतो, आधी ती भरा. फी १ एप्रिल २०२२ ला ६०० वरून ५,००० झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० केली. तुमच्या वेळी पोर्टल दाखवेल तोच आकडा खरा. त्याशिवाय पर्यावरण कर, पाच वर्षांचा एकदम, डिझेलला पेट्रोलपेक्षा थोडा जास्त. मुदत उलटून गेली तर दर महिन्याला ५०० रुपये वाढतात.

तपासणीची तारीख आणि ठिकाण पावतीवर नीट वाचा. आपल्याकडे आरटीओची सगळी कामं संगम पुलाजवळच्या एकाच आवारात होत नाहीत. एमएच-१४ वाल्यांचं कार्यालय मोशीला आहे. मी पहिल्या दिवशी चुकीच्या ठिकाणी दोन तास रांगेत उभा होतो. माझ्या पुढचाही तसाच चुकून आलेला, म्हणून जरा बरं वाटलं.

इन्स्पेक्टर काय बघतात? चेसिस क्रमांक, सगळे दिवे, हॉर्न, वायपर, टायर, ब्रेक, काचांवरची फिल्म, गंज, नंबरप्लेट. माझी पहिल्या फेरीत परत पाठवली, कारण नंबरप्लेटवरचा दिवा लागत नव्हता. चाळीस रुपयांचा बल्ब आणि वाया गेलेली अर्धी रजा. चेसिस क्रमांकावर पंधरा वर्षांची धूळ आणि ग्रीस असतं, आदल्या दिवशी डिझेलच्या फडक्याने तो भाग पुसून ठेवा. खरवडू मात्र नका, आकडा पुसट झाला तर वेगळीच चौकशी मागे लागते.

एजंट लागतो का? लागत नाही. दोन चकरा आणि थोडा संयम लागतो.

११. सोडायची कधी

मी डिकीत एक वही ठेवली आहे: तारीख, किलोमीटर, काय केलं, किती लागले. तिच्या पहिल्या पानावर ठरवून ठेवलंय, एकाच दुरुस्तीचा आकडा गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की थांबायचं. इंजिन उघडायला सांगितलं तर बहुतेक वेळा तीच ती वेळ. पत्र्याचा गंज चाकाच्या कमानीतून तळाकडे गेला असेल तरीही. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेला पत्रा होत नाही.

भंगारात द्यायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. ठेव प्रमाणपत्र घ्या आणि आरसी रद्द झाल्याचं पोर्टलवर दिसेपर्यंत पाठपुरावा करा. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याने पाच हजार जास्त दिले तरी नको, कारण नंबर तुमच्या नावावर राहतो आणि तीच प्लेट उद्या दुसऱ्या गाडीवर फिरते. विमा कंपनीला कळवा. काचेवरचा फास्टॅग खरवडून काढा आणि बँकेच्या अॅपमधून बंदही करा. आमच्या शेजाऱ्यांनी नुसता खरवडून खिशात टाकला होता, त्यांच्या खात्यातून तो दर महिन्याला गुपचूप रिचार्ज होत राहिला.